रेस दिली की जातो

गाण्याच्या बाईंची गाडी तिसऱ्यांदा दुकानाच्या दारात उभी राहिली, तेव्हा कानसेन स्टुलावरून उठले, परत बसले आणि लगेच पुन्हा उठले. आठ दिवसांत तीनदा तीच गाडी. एखाद्याला दुकानाचा लळा लागतो, नाही असं नाही; पण बाईंच्या चेहऱ्यावर लळा वगैरे काही दिसत नव्हता.

कानसेन हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. गाड्यांचं वायरिंग आणि गाण्यांच्या सिस्टिम करता करता तीस वर्षांत ते त्यांना चिकटलं होतं, आणि त्यांनीही ते झटकून टाकायचा कधी मनापासून प्रयत्न केला नव्हता. स्पीकरमधून कुईं, घूं, किर्र असं काही नको ते यायला लागलं की बाकीचे मिस्त्री मीटर काढून बसत, अर्धी गाडी उलगडून ठेवत. कानसेन नुसते गाडीत बसत. डोळे मिटून मिनिटभर ऐकत. मग म्हणत, "डिकीतला अर्थ सैल आहे." उघडून बघावं तर तो सैल असायचाच. अर्थ म्हणजे वीज बॅटरीकडे परत जायची वाट. गाडीत ती पत्र्यातूनच जाते, आणि कुठे बोल्ट नीट बसला नाही की सगळी सिस्टिम कण्हायला लागते. "अर्थ लागला नाही तर कशालाच अर्थ नाही," हा त्यांचा ठरलेला विनोद. गिऱ्हाइकं दर वेळी तो नव्यानं ऐकल्यासारखी हसत, कारण गाडी कानसेनांच्या ताब्यात असे.

मीटर त्यांच्याकडेही होतं, पण ते खणात, जुन्या फ्यूजांच्या खाली. मीटर बहिऱ्यांसाठी असतं, असं ते म्हणत. एकदा नव्हे, येता-जाता म्हणत.

"मास्तर, आवाज आहे तिथंच आहे," बाई खाली उतरत म्हणाल्या.

"मागच्या वेळी गेला होता की."

"तुमच्या दारात गेला असेल. मी पहिल्या सिग्नलला पोचायच्या आत तो माझ्या शेजारी येऊन बसला." बाईंचा गळा चांगला कमावलेला होता, त्यामुळे त्या हळू बोलल्या तरी पलीकडच्या टायरवाल्यापर्यंत पोचायचं. टायरवाल्यानं मान वर केली. "गाडी उभी असते तेव्हा बारीक असतो. वेग घेतला की चढत जातो, चढत जातो, आणि पार वरच्या पट्टीत जाऊन खिळ्यासारखा डोक्यात बसतो. परवा एका मुलीचं रेकॉर्डिंग ऐकत होते. तिचा सूर कुठला आणि तुमच्या गाडीचा कुठला, मला कळेना."

"माझ्या नाही, बाई. तुमच्या गाडीचा."

"सिस्टिम तुम्ही बसवलीत."

कानसेन गाडीत बसले, इंजिन चालू केलं, सिस्टिम लावली आणि गाणं न लावता नुसताच आवाज वाढवला. होता. बारीक, लांबून येणारा, कुईं असा. त्यांनी डोळे मिटले आणि रेस दिली. आवाज जरासा वर चढला, पातळ झाला आणि विरून गेला. पाय काढला, परत आला. पुन्हा रेस दिली, पुन्हा गेला.

"बघा," ते विजयानं म्हणाले. "रेस दिली की जातो."

विद्यार्थ्यानं बेसूर गाऊन वर कौतुकासाठी तोंडाकडे बघावं, तेव्हा बघतात तसं बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "मास्तर, रेस दिली की वाढतो."

"जातो."

"वाढतो! आत्ता दात आंबायची वेळ आली माझी."

आता ह्याला काय म्हणावं? कानसेनांचं गणित साधं होतं. इंजिन संथ असताना आवाज असतो आणि रेस दिली की जातो, म्हणजे संथ असताना अल्टरनेटर पुरेशी वीज देत नाही, बॅटरीवर ताण येतो आणि तोच ताण स्पीकरमधून ओरडतो. म्हणून पहिल्यांदा त्यांनी अल्टरनेटरचा बेल्ट ताणून दिला होता. दुसऱ्यांदा बॅटरीची दोन्ही टर्मिनलं नवी घातली होती. आज बाईंची खात्री पटावी म्हणून त्यांनी खण उपसून मीटर काढलं, बॅटरीला लावलं. इंजिन संथ. चौदा पॉइंट एक. म्हणजे ठणठणीत. बॅटरी बिचारी कसलाही ताण न घेता आरामात बसली होती.

कानसेनांनी मीटर हलवून बघितलं, वायरी काढून परत लावल्या. चौदा पॉइंट एक.

"दोन दिवस गाडी ठेवून जा," ते म्हणाले.

"शनिवारी सकाळी न्यायला येते. नाही जमलं तर सांगा, चौकातल्या नव्या दुकानात एक जण मशीन लावून बघतो म्हणे." बाई पिशवी काखेला लावून निघाल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. त्यांचा सूर खाली आला, आणि तेच जास्त लागलं. "राग मानू नका, मास्तर. तुमचं काम असं नव्हतं कधी. गेल्या वर्षी माझ्या भावाच्या गाडीत हीच सिस्टिम तुम्ही बसवलीत. काय स्वच्छ वाजते! तीच गाडी, तेच सगळं. मग माझ्याच वेळी काय झालं तुमच्या कानांना?"

त्या हसून बोलल्या होत्या. पण बाईंकडे निम्मं गाव गाणं शिकायला येत होतं, आणि त्यांनी हसून म्हटलेलं आठवडाभरात सगळीकडे झालं असतं.

त्या दिवशी कानसेनांना एका जागी बसवेना. पान्हा उचलावा, ठेवावा. बाईंच्या गाडीचं बॉनेट उघडावं, आत बघावं, बंद करावं. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात सुनेचं शिलाई मशीन होतं. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून ती दहा दिवस माहेरी गेली होती, आणि मशीन कापड टाकून झाकलेलं होतं. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे दुकानात बोलायला म्हणून ती एकटी, आणि तीही आता नाही. कानसेन त्या झाकलेल्या मशीनपर्यंत जाऊन विनाकारण परत येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंना फोन केला आणि भावाची गाडी तासाभरासाठी पाठवायला सांगितली. कारण सरळ होतं. त्याच बनावटीची गाडी, तीच सिस्टिम, काम करणारा हात तोच. मग ह्या हातानं तिथं काय बरोबर केलं आणि इथं काय चुकलं, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. आपलंच चांगलं काम बघायला मिळणार म्हणून त्यांना थोडं बरंही वाटत होतं.

भावानं गाडी आणून ठेवली आणि तो कोपऱ्यावर दाढी करायला गेला. कानसेनांनी पुढची डावी सीट सरकवली. सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर. त्याची अर्थची वायर कुठे जाते, हे बघायचीही गरज नव्हती. तीस वर्षं ते ती सीटच्या बोल्टलाच लावत आले होते. लावायची, कान देऊन ऐकायचं, आणि कुठे कुरकुर असेल तर बोल्ट आणखी आवळायचा. हात सवयीनं बोल्टपाशी गेला.

बोल्टला काही नव्हतं.

ते गुडघ्यांवर बसले आणि टॉर्च लावला. वायर वीतभर लांबवून पुढे नेली होती. तिथं पत्र्यावरचा रंग नाण्याएवढ्या गोलात खरवडून धातू लख्ख उघडा केला होता, वायर त्यावर घट्ट बसवली होती, आणि गंज चढू नये म्हणून वरून ग्रीसचा हात फिरवला होता. शिवाय गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या वायरी डावीकडून काढून गाडीच्या उजव्या अंगानं फिरवल्या होत्या, विजेच्या जाड वायरीपासून पार लांब. आणि ह्या सगळ्या वायरींची जुडी टेपनं नव्हे, मेण लावलेल्या काळ्या दोऱ्यानं बांधली होती. अंगठ्याएवढ्या अंतरावर एकेक वेढा, प्रत्येक गाठ आतल्या बाजूला दडवलेली. असा दोरा सगळ्या गल्लीत एकाच माणसाकडे होता, आणि अशी गाठही एकच माणूस मारत होतं. सीट कव्हरची शिवण दिसू नये म्हणून.



आधी आला तो राग. माझ्या कामात हात घालायचा? माझ्या पाठीमागे? दोन पैशांचा दोरा घेऊन? रागाच्या भरात ते उठले आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मग हळूहळू दुसरंच काहीतरी आठवायला लागलं. ते दुपारी जेवायला घरी जायचे, तेव्हा सून मागे थांबायची. "सीटचं माप घ्यायचंय, बाबा, तुम्ही व्हा पुढे." परत आले की ती तयार झालेल्या गाडीत बसलेली असायची, सिस्टिम लावून. पोरीला गाण्यांची आवड आहे, असं त्यांना वाटायचं. त्यांनी ते कौतुकानं बायकोला सांगितलंही होतं. पण गाणं लागलेलं असायचं का? आठवून बघितलं. गाणं कधीच लागलेलं नसायचं. नुसतं इंजिन चालू, आणि तिचा पाय रेसवर. बाईंची सिस्टिम बसवली, तेव्हा मात्र ती माहेरी गेलेली होती.

भाऊ दाढी करून आला. "सापडलं का काही?"

"सापडलं," कानसेन म्हणाले आणि किल्ली देऊन दुकानाचं शटर ओढलं. भरदुपारी शटर ओढलेलं बघून टायरवाल्यानं पुन्हा मान वर केली.

घरी बायको भाजी चिरत होती. कानसेनांनी तिच्याकडे न बघता कपाटातून ताप बघायचा थर्मामीटर काढला. सेलवरचा, ताप मोजून झाला की वाजणारा. तो काखेत धरून ते खिडकीशी बसले. ऐकू येईलच, त्यात काय. गल्लीतून स्कूटर गेल्याचं ऐकू आलं. नळाचं पाणी ऐकू आलं. बायकोच्या सुरीचा ताटावरचा टक टक आवाज ऐकू आला. कान शाबूत होते, अगदी शाबूत.

"अहो, काढा की तो आता," बायको म्हणाली.

"वाजू दे."

"वाजून गेला कधीचा. चार-पाच वेळा वाजला." ती पदराला हात पुसत जवळ आली. "ताप आहे का?"

त्यांनी तो पुन्हा काखेत धरला आणि ह्या वेळी मान वाकवून कान जवळ नेला. बायको समोर उभी राहून बघत होती. मिनिट गेलं. तिनं एकदम मान हलवली, हा वाजला म्हणून. कानसेनांच्या लेखी खोलीत काहीही झालं नव्हतं.

तेव्हा त्यांना भीती वाटली. खरीखुरी. सगळे आवाज होते, फक्त वरचे वरचे तेवढे कुणीतरी कापून नेले होते, आणि नेताना सांगितलंसुद्धा नव्हतं. बाईंच्या गाडीतला आवाज रेस दिल्यावर जात नव्हताच. तो वर चढत चढत त्यांच्या कानाच्या आवाक्याबाहेर निघून जात होता, आणि ते मागे उभे राहून "गेला, गेला" म्हणत होते. कानच गेले तर कानसेनानं करायचं काय? दुसरं काही येत नव्हतं त्यांना. बायकोनं थर्मामीटर त्यांच्या हातातून घेतला, डबीत ठेवला आणि ताट वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि अंगणात जाऊन येरझाऱ्या घालायला लागले.

शनिवारी सकाळी सून बसमधून उतरून थेट दुकानात आली. खांद्याला बॅग, केस वाऱ्यानं विस्कटलेले. "बाबा, आईचा डोळा छान झाला. चहा झाला का तुमचा?" बोलता बोलता तिची नजर बाईंच्या गाडीकडे गेली, आणि ती लगेच गाडीभोवतीनं एक फेरी मारून आली. ते बघून कानसेनांना राहवेना.

"बाईंच्या भावाच्या गाडीत दोरा कुणी बांधला?"

सुनेनं बॅग खाली ठेवली. ती मशीनवरचं कापड काढायला लागली. तिला हातांना काहीतरी काम हवं होतं.

"किती गाड्या?"

"मोजल्या नाहीत, बाबा."

"मोजल्यास तू."

ती कापडाची घडी करत राहिली. "एकतीस," ती म्हणाली.

एकतीस. कानसेन स्टुलावर बसले. दीड वर्षात जेवढ्या सिस्टिम बसवल्या, जवळजवळ तेवढ्याच. लोकांनी हात हातात घेऊन वाखाणलेल्या, मास्तर तुमच्यासारखा कान नाही म्हणून पाठ थोपटलेल्या, त्या सगळ्या.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. पहिल्याच गाडीला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "मी म्हटलं, बाबा, रेस दिल्यावर बारीक शिट्टी येतेय. तुम्ही हसलात. म्हणालात, शिवणाऱ्यानं शिवावं."

त्यांना ते आठवलं. हसल्याचंही आठवलं. गिऱ्हाईक समोर होतं, तेही हसलं होतं.

"मग मी शिवलं," सून म्हणाली.

आणि नेमक्या त्याच वेळी बाई दारात आल्या. "मास्तर, झाली का गाडी?"

कानसेन उठले. एक मन म्हणत होतं, बाईंना अर्धा तास बाहेर पाठवावं, सुनेला खूण करावी. ती करेल, तोंडातून अवाक्षर न काढता करेल. बत्तिसावी गाडी स्वच्छ वाजत निघून जाईल, आणि नाव राहील. त्यांनी सुनेकडे बघितलं. तिच्या हातात तो मेणाचा दोरा केव्हाच आला होता. ती तयारच होती.

"नाही झाली," ते म्हणाले. "आता करतो. बाई, इथंच थांबा. सूनबाई, दोरा ठेव तो. तू पुढे बस, स्टिअरिंगवर. मी सीटखाली जातो."

सून बिचकत बसली. इंजिन चालू झालं. कानसेनांनी मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी लांब वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला टेकवली. वाट मोकळी असती तर आकडा शून्याच्या आसपास राहायला हवा होता. शून्य पॉइंट आठ. त्यांच्या त्या लाडक्या बोल्टाखाली रंगाचा जाड थर होता, आणि वीज त्या रंगाला धडका देत उभी होती. त्यांनी बोल्ट सोडवला, वीतभर पुढे रंग खरवडला, पॉलिश पेपर मारला, वायर उघड्या धातूवर आवळली. मीटर शून्याशी आलं. घाम त्यांच्या नाकावरून पत्र्यावर पडत होता.

"रेस दे."

इंजिन घुरघुरलं. त्यांच्या कानांना सगळं शांत होतं, पण आता त्या शांततेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"काय गं?"

त्यांनी सीटखालून मान तिरकी करून बघितलं. सून बाईंकडे बघत होती, मग तिनं खाली त्यांच्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले.

"काय म्हणालीस?"

"ठीक आहे, बाबा."

"ठीक म्हणजे? गेला?"

"जवळजवळ..."

तिचा चेहरा त्यांनी वाचला. ती पुन्हा त्यांना वाचवायला निघाली होती. बाई गेल्या की दुपारी मापाचं निमित्त काढेल, आणि उरलेलं निस्तरेल. कानसेन पत्र्यावर कोपर टेकून अर्धे वर उठले.

"सूनबाई," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी बाईंना ऐकू जाईल, टायरवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. "मला ऐकू येत नाही. वरचा आवाज मला येतच नाही. तू सांगितलंस तरच मला कळणार. आणि हळू सांगितलंस तर तेही कळणार नाही."

टायरवाल्याचा हातोडा थांबला. बाईंनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. कानसेनांचे कान मात्र तापले होते, शाळेत पकडल्यावर तापतात तसे.

ते परत खाली सरकले. सिग्नलच्या वायरी जाड वायरीला चिकटून जात होत्या. त्यांनी त्यांतली पहिली हातात धरली, ओढून लांब केली. "दे रेस. आहे का?"

"आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आहे, बाबा!"

त्यांनी वायर आणखी लांब नेली. "आता?"

सुनेनं रेस दिली, मान पुढे केली आणि डोळे घट्ट मिटले. सासऱ्यांशी कसं बोलावं, समोर कोण उभं आहे, गल्लीत कोण ऐकतंय, हे सगळं तिनं त्या क्षणी बाजूला ठेवलं असावं.

"नाही गेला!" ती ओरडली. "अजून आहे! नाही गेला!"

"बरं," कानसेन म्हणाले आणि त्यांनी दुसरी वायर हातात घेतली.